चार चौकोन आणि एक कुंडी

…आता झाडाला हसायचं कसं, तुम्हीच सांगा! माणूस असता तर हसलो असतो, गाढव असतं तरी हसलो असतो, पण कुंडीतलं झाड? पहिल्या चौकोनात झाड, दुसऱ्यात झाड, तिसऱ्यात, चौथ्यात झाड, आणि वर ठसठशीत लिहिलंय म्हणे, ‘विनोदी चित्रकथा’! अहो, चौकोन किती? चार! त्यासाठी माणसाचा जीव किती खायचा?

तुम्हाला सांगतो, मी शाळेतला शिपाई. पोरं मामा म्हणतात. तीस वर्षं घंटा बडवतोय. लिहिण्यावाचण्याच्या नावानं बोंब, सही करायला बसलो की मागची रांग जिन्यापर्यंत जाते. पण नाक काढायला सांगा! माणूस जिना उतरेपर्यंत त्याचं नाक माझ्या कागदावर. पोरं शाळेचं वर्तमानपत्र काढतात ना, त्याची संपादक दहावीतली एक चष्मेवाली. तिनं मला रंगेहाथ पकडलं. “मामा, दर शनिवारी चार चौकोन द्या ना! नाव नाही टाकणार.” दिले. चित्रं माझी, पण बोलायचे फुगे रिकामे… लिहायला येतंय कुणाला! अंक हातात पडला की ज्यानं त्यानं आपल्या मनातलं त्यात भरायचं. काय उड्या पडायच्या हो अंकावर! आणि मी आपला घंटेखाली उभा, गरीब गाय.

मग एक अंक लागला हेडमास्तरांच्या हाती. चित्रात एक टकलू, कान सुपाएवढे, आणि फुग्यात कुणीतरी लिहिलेलं… जाऊ द्या, चारचौघांत नाही सांगता येत. “अक्षर कुणाचं हे? सगळ्यांचे अंक गोळा करा! वह्यासुद्धा!” गोळा करणार कोण? हाच बापडा! तीन मजले, साडेतीनशे वह्या, आणि माझे दोन गुडघे. जुळवून बघतात तर साडेतीनशे अंकांवर साडेतीनशे अक्षरं! हेडमास्तर खुर्चीत बसले ते उठेनात. “म्हणजे अख्खी शाळाच? मग संपादक जबाबदार. वर्तमानपत्र बंद!”

चष्मेवालीचा चष्मा भरून आला हो. दोन वर्षं मरमर मरून काढलेला अंक. मला नाही बघवलं. म्हटलं, “साहेब, कान मी काढलेत.”

“मामा, तुम्ही? सही करताना घाम फुटतो तुम्हाला!”

मी खडू घेतला, फळ्यावर चार रेघांत तेच कान काढले. साहेबांनी स्वतःचा कान चाचपला. मग हळूच म्हणाले, “कान एवढे मोठे नाहीत माझे.” आणि शिक्षा काय, ऐका! “आता काढाच. दर शनिवारी. पण सगळ्या शिक्षकांना दाखवून. फुगा रिकामा चालणार नाही. आणि पोरांनी अंक घेतला नाही, तर बंद.”

झालं! चोरून काढायचो तेव्हा मधल्या सुट्टीत उरकायचं, परवानगी मिळाली आणि आठवडा पुरेना. चित्रकलेचे सर म्हणतात, “नाक प्रमाणात नाही.” अहो, प्रमाणात असतं तर हसणार कोण? खेळाचे सर, “हा वाकून का उभा? शिस्त कुठाय?” विज्ञानाच्या बाई, “सावली उलटीकडे पडलीय, मामा.” भाषेच्या बाईंनी तर फुग्यात स्वतःच लिहिलं, ‘रोज अभ्यास करावा.’ माझ्या चित्रातल्या चोराच्या तोंडी! चौकोन किती? चार! आणि खोडणारे हात किती? नाक गेलं, माणूस गेला, सावली गेली… दोन शनिवार अंक कुणी घेईना. एक तर बाकाच्या डुगडुगत्या पायाखाली सापडला. चष्मेवाली म्हणाली, “मामा, हा शेवटचा.”

दमलो हो. हेडमास्तरांच्या दाराबाहेर स्टुलावर टेकलो, समोर कुंडी होती, तीच काढली. पानं लोंबलेली, माझ्यासारखीच. चारदा काढली. कुणाची हरकत नाही! झाडाला नाक नाही, शिस्त नाही. शेवटच्या चौकोनात तेवढा एक फुगा काढला. रिकामा.

“हे काय?” हेडमास्तर.

“साहेब, झाड बोलतं का? मग लिहू काय?”

विचार केला, म्हणाले, “बरोबर आहे.” केली सही!

शनिवारी एक अंक उरला नाही. पोरं पेनं उघडून बसलेली. आणि सूचनाफलकाजवळ ही गर्दी! खुद्द हेडमास्तरांनी आपला अंक टाचणीनं टोचलेला, फुगा भरून. सगळे आधी तिकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि खिदळतात. म्हटलं, “काय लिहिलंय गं?” चष्मेवालीला हसू आवरेना. “मामा, झाड म्हणतंय… ‘मामा चित्रकार झाल्यापासून मला कुणी पाणी घातलेलं नाही!’”

मागं वळून बघतो तर हेडमास्तर पोट धरून हसतायत, कान नुसते लपलप हलतायत. आणि खोटं कशाला बोलू, तीस वर्षांत माझ्याच्यानं असा विनोद झाला नाही.

काय करणार? चौकोन चार… वर कुंडी एक. गेलो, बादली भरली.