मेंटेनन्सची गोळी

…आणि वर मलाच म्हणतात, “तुला काय कळतं मशिनीतलं?” अहो, मशीन कुठली, पोट आहे ते! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांना मागे अल्सर झाला, शिवलीला डॉक्टरांनी ॲसिड कमी करायची गोळी दिली, दोन महिने घ्या म्हणाल्या, अल्सर भरला, दुर्बिणीतून बघून खात्रीसुद्धा झाली… आणि गोळी? वर्षानुवर्षं चालूच! का? तर हे जन्मभर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, मशिनींच्या कारखान्यात. “बिघडायची वाट बघायची नसते, ह्याला मेंटेनन्स म्हणतात!” अहो, पण अल्सर बरा झालाय ना!

बरं, एकटे घेतील तर शपथ! येलहंक्याला आमच्या मराठी मंडळाचं जेवण असलं, पानं वाढली, की वदनी कवळच्या आधी ह्यांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट बाहेर. “घ्या अण्णा, घ्या वहिनी…” प्रसादासारखी वाटतात! ज्यांना कधी साधा ढेकर आला नाही, तेही हात पुढे करतात!

आणि स्वतःचं काय? जेवण छातीशी बसतंय, पोट फुगतंय, जिन्यात धाप, तळपायाला मुंग्या. “वय झालं.” वय? अहो, एकदा न्हाणीघरातून येताना पाय कुठे पडतोय तेच कळेना, भिंत धरून उभे राहिले… म्हटलं, आता ऐकायचं नाही.

नेलं परत शिवलीला डॉक्टरांकडे. बेळगावकडच्या त्या, मराठी छान बोलतात. रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह पार तळाला! “काका, अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटं करायला ॲसिड लागतं हो. तुम्ही त्यालाच झोपवून ठेवलंत! गोळी चांगली आहे, तिनंच जखम भरली. पण मला न विचारता इतकी वर्षं?”

“मेंटेनन्स…”

“अहो काका, पण अल्सर बरा झालाय ना!”

ऐकलंत? माझं वाक्य! अक्षर न् अक्षर माझं! मग मीही सोडते का? म्हटलं, “भट्टी विझवायची आणि वरून माल टाकत राहायचा, ह्याला तुमच्या कारखान्यात मेंटेनन्स म्हणायचे?” डॉक्टर हसून लाल, आणि ह्यांनी… खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं ऐकलं!

“एकदम बंद नको हं, जळजळ उसळेल. स्वल्प स्वल्प कमी करू.” तसंच केलं. इंजेक्शनं झाली, गोळी सुटली, मुंग्या गेल्या, आता जिना चढतात ते माझ्या पुढे! जिंकले की नाही मी?

जिंकले. पण परवा मंडळात ह्यांचं व्याख्यान ठेवलंय, ‘मी गोळी कशी सोडली’. टाळ्या ह्यांना. आणि नंतर पन्नास माणसांना पाटवड्यांचा झणझणीत रस्सा… तो कुणी करायचा, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही!