कंगव्याचे सहा दाते

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी एक निवृत्त मास्तर हातात रिपोर्ट घेऊन बसले होते. सोबत आलेला त्यांचा नेहमीचा न्हावी त्यांना विचारत होता.

“मग, काय म्हणाले डॉक्टर?”

“मेलॅनोमाच होता. कातडीचा कॅन्सर. पण वेळेत काढला, सगळा निघाला.”

“सुटलात बुवा!”

“याच्यातही प्रकार असतात म्हणे. एक गाठीसारखा वर येतो आणि लगेच खोल उतरतो. माझा आळशी निघाला. इतके दिवस नुसता आडवा पसरत होता.”

“तेच तर मी सांगत होतो! मानेवर, केसांखाली, कंगव्याच्या चार दात्यांएवढा तीळ आहे म्हणून.”

“आणि मी तुलाच झापलं. म्हटलं, वस्तरा लागलाय तुझा, आणि नाव तिळाचं घेतोस.”

“दोन महिने दुसऱ्या दुकानात गेलात.”

“गेलो. त्याने केस बरे कापले, पण तिळाबद्दल चकार शब्द नाही.”

“बरे कापले?”

“बरं बाबा, चुकलो.”

“परत आलात तेव्हा सहा दाते भरला होता.”

“डॉक्टरांनाही तेच सांगितलं. म्हणाले, वाढलेला कळला कसा? म्हटलं, आमच्या न्हाव्याने मोजलाय.”

“माझं नाव काढलंत तिथे?”

“काढलं की. बरं, तुझे केस कोण कापतं रे?”

“माझे मीच. आरशात बघून.”

“आणि मागचे?”

“मागचे काय, हाताच्या अंदाजाने.”

“वळ तिकडे. आणि तो खिशातला कंगवा दे इकडे.”