जिंकेल त्याला गाडी

...आणि वर मलाच म्हणतात, बापाला खडीवर उतरवून हा गाडी घेऊन पुढे गेला! अहो, पुढे कुठे गेलो? पुढे गेलो असतो तर बोलायला कारण होतं. मी मागे गेलो. गाडी मागे गेली, आणि मी गाडीत होतो म्हणून मीही गेलो. पण लोकांना काय, अर्धं ऐकायचं आणि दीडपट सांगत सुटायचं. सख्ख्या मेहुणीने माझ्या बायकोला फोन करून विचारलं, "खरंच का गं, भावजींनी म्हाताऱ्याला दगडांत सोडलं?" सोडलं म्हणे! दार उघडलं, हात धरला, व्यवस्थित खाली उतरवलं. यात माझं काय चुकलं?

पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

बाबा आमचे बस डेपोत, टायर खात्यात. पस्तीस वर्षं. लाकडी हातोडीने बसच्या चाकावर ठोका मारायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, यात चार पाऊंड हवा कमी आहे. आम्हा दोघा भावांच्या पाठीवरही अधूनमधून ठोका मारून बघत, पण माझा आवाज काही त्यांना कधी पसंत पडला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोठी एसयूव्ही घेतली, कारण आईचे गुडघे गेले होते आणि तिला बुटक्या गाडीत बसता-उठता येत नव्हतं. मग आई गेली. गाडी राहिली आणि बाबा राहिले. दोघांपैकी गाडी चालू स्थितीत होती.

मग बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. झालं! आम्ही जमलो. मी, माझी बायको, धाकटा, धाकट्याची बायको. डॉक्टरांचं वाक्य आमच्या मधोमध पडलेलं, आणि उचलायला कुणी वाकेना. माझी बायको पडदे बघत होती, आणि धाकट्याची बायको माझ्या बायकोला पडदे बघताना बघत होती. मी घसा साफ करून म्हटलं, आमच्याकडे खोली आहे, नाही असं नाही, पण त्या खोलीत इस्त्रीचं टेबल असतं. आता इस्त्रीचं टेबल काय मी जिन्यात ठेवू? यात माझं काय चुकलं?

धाकटा शाळेत चित्रकलेचा मास्तर. तो काहीतरी चांगलं बोलणार असं त्याच्या तोंडावरून दिसायला लागलं, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "शर्यत लावू. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी न्यायची आणि परत आणायची. पहिल्या रविवारी एकाने, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याने. मी मागे बसेन. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याला गाडी. जो हरेल, त्याच्याकडे मी."

तुम्हाला सांगतो, असा बाप वैऱ्यालाही मिळू नये. स्वतःला दंड म्हणून लावणारा माणूस पाहिलाय कधी? "असं काय बोलता बाबा, आम्हाला काय तुम्ही जड आहात का," असं आम्ही म्हणायला हवं होतं. म्हणालोही. पण त्याआधी मी विचारून घेतलं, एसी चालू ठेवायचा की बंद.

नियमही मीच घातले. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून निघायचं, परत तिथेच येऊन काठोकाठ भरायची, म्हणजे किती प्यायली ते लिटरमध्ये कळतं. वाटेत कुठे थांबायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. हा नियम खास, कारण धाकट्याला दर वीस किलोमीटरला चहा लागतो.

धाकट्याचा रविवार आधी. दार उघडलं की आत पट्टी चिकटवलेली असते ना, कंपनीची, कुठल्या चाकात किती हवा? ती त्याने वाचली. तेहतीस लिहिलं होतं, त्याने तेहतीस भरली. बस्स! जुनेच टायर, तेहतीस हवा, बापाच्या मांडीवर शाल, गेला आणि आला. लिटरला तेरा पूर्णांक एक. डोकं म्हणून वापरलं नाही माणसाने.

मी वापरलं. अहो, मी पार्सल कचेरीत वजनकाट्यावर एकवीस वर्षं काढली आहेत. वजन आणि खर्च यांचं नातं मला कोण शिकवणार? शिवाय वाचलं. टायर मऊ असला की तो रस्त्याला चिकटत जातो, दर फेऱ्यात चेपतो, फुगतो, तापतो, आणि त्या चेपण्या-फुगण्यात डिझेल जातं. म्हणजे टायर कडक हवा. मी टायरवाल्याकडे जाऊन चारही चाकांना नवे टायर घातले, हायवेचे, सपाट नक्षीचे, लोण्यासारखे पळणारे. टायरवाला म्हणाला, "साहेब, हे सरळ रस्त्याचे आहेत. खडीवर नखं नाहीत यांना." मी म्हटलं, आणि हवा भर पंचेचाळीस. तो म्हणाला, टायर मधोमध फुगेल, कडा उचलतील, जमिनीला बोटभर टेकेल फक्त. मी म्हटलं, तेवढाच टेकू दे. जेवढा टेकेल तेवढं घासेल. बरोबर की नाही? यात माझं काय चुकलं?

मग वजन. स्टेपनी काढली. जॅक काढला. बाबांच्या सीटमागची जादा बाकं काढली. हवेचा पंप काढला, दोन किलोचा. बाबांची काठी काढली, कारण बसलेल्या माणसाला काठी कशाला? निघताना बाबांना दोनदा जाऊन यायला सांगितलं. ते दुसऱ्यांदा बाहेर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "नखं कापून येऊ का?"

निघालो. काय गाडी पळाली म्हणता! पायाखाली डिझेल नाही, वारा! समोरच्या काट्यावर ॲव्हरेज चौदा, पंधरा, सोळा. आता पंचेचाळीस हवेत गाडी जरा कडक लागते, रस्त्यात शेंगदाण्याचं टरफल पडलं असलं तरी ते मणक्यात कळतं. मागून बाबांचं हं... हं... चालू. मी आरशात बघितलं नाही. काट्यावर सोळा असताना आरशात कोण बघतं?

आणि मग टेकडीची खडी लागली.

शेवटचे दोन किलोमीटर. सुटे दगड, त्यावर बारीक भुगा, आणि चढ. निम्म्यात मागची चाकं गरागरा जागेवर फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, चाकं खडी मागे उडवताहेत, गाडी तिथेच, आणि काटा सोळावरून पंधरा नऊ, पंधरा सात... माझा जीव कसा तुटत होता ते माझं मला माहीत!

मागून बाबा म्हणाले, "हवा सोड."

म्हटलं, नाही सोडणार. हवा सोडली की टायर पसरतो, पकड येते, मान्य. पण परत येताना ती भरायची कशाने? पंप घरी. म्हणजे बसलेल्या टायरवर पन्नास किलोमीटर, आणि गाडी डिझेल ढोसणार. म्हणजे मी हरणार, म्हणजे इस्त्रीचं टेबल जिन्यात. मग मी वजनाचा विचार केला. एकवीस वर्षांची सवय. गाडीत काढण्यासारखं आता काय उरलं आहे? मी आरशात बघितलं.

"बाबा, जरा उतरता का?"

ते उतरले. काठी नव्हती म्हणून एका दगडाला धरून उभे राहिले. मी गाडीत बसलो, गिअर टाकला आणि दाबलं... आणि तुम्हाला सांगतो, आधी जी जागेवर तरी उभी होती ती गाडी आता सरळ मागे घसरायला लागली. ब्रेक दाबला, तरी घसरतेय! बाबांच्या पुढून, त्यांच्याकडे बघत बघत मी तिरका खाली गेलो आणि मागचं चाक चरात जाऊन टेकलं.

बाबा दगडांना धरत धरत खाली आले. दोन मीटरला दहा मिनिटं. आले, मागच्या चाकावर मुठीने एक ठोका मारला, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "मोटारीचा जोर मागच्या चाकांवर. तू काढलंस ते सगळं मागचं. स्टेपनी मागची, बाकं मागची. शेवटी मी होतो, मलाही काढलंस. आता ते चाक कशाच्या जिवावर टेकेल?"

मग खाली बसले. म्हाताऱ्या गुडघ्यांनी! खिशातून किल्ली काढून व्हॉल्व्हमध्ये खुपसली. फुस्स... ठोका. फुस्स... ठोका. चारही चाकांना असं करत सरपटले. मी म्हटलं, बाबा, किती सोडताय? म्हणाले, वीसवर आणतोय, चढेल. मागे बसले. मी गिअर टाकला आणि गाडी अशी चढली, अशी चढली, की जणू टेकडी सपाट होती.

येताना चार पसरलेल्या टायरांवर, गोगलगायीसारखे. वाटेत हवा भरण्याची तीन दुकानं लागली, तिन्ही उघडी. पण थांबायचं नाही, मदत घ्यायची नाही. कुणाचा नियम? माझाच! आणि मागे पंच बसलेला. पंपावर टाकी काठोकाठ भरली, भागाकार केला. बारा पूर्णांक आठ. तीन दशांशांनी हरलो, हो. तीन! काठी घेतली असती तरी तेवढंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे हवा भरायला गेलो. त्याने मोजली, हळहळला. म्हणाला, "वीसवर कुणी आणली? एवढ्या चढाला सव्वीस पुष्कळ झाली असती. सव्वीसवर परतीचं ॲव्हरेजही इतकं पडलं नसतं."

मी तसाच घरी गेलो. बाबा त्या खोलीत सामान लावत होते. म्हटलं, बाबा, पस्तीस वर्षं आवाजावरून हवा सांगत आलात, तुम्हाला वीस आणि सव्वीस कळलं नाही?

"कळलं," म्हणाले.

"मग मला मुद्दाम हरवलंत?"

ते शर्टाची घडी घालत होते. आधी घडी पूर्ण केली. "धाकटा माझं फार करेल रे. रात्री उठेल, सुट्ट्या काढेल, स्वतःचं सगळं बाजूला ठेवेल. चांगल्या माणसाला कशाला त्रास?" दुसरा शर्ट घेतला. "तू काही करणार नाहीस. तुझ्याकडे मला संकोच नाही."

मी इस्त्रीचं टेबल उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

सात महिने झाले. गाडी धाकट्याकडे आहे, तेहतीस हवेवर चालवतो, सुखात आहे. बाबा आमच्याकडे आहेत, आणि खरंच, मी त्यांचं काही करत नाही, तक्रारही नाही त्यांची. काल चहा पिता पिता एकदम म्हणाले, "तू म्हातारा झालास की तुझ्या पोरांची शर्यत कशाची लावणार?"

मी म्हटलं, बाबा, मला एकच मुलगा आहे.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मग तोच जिंकणार."