तळाची डाळ

पाठ धरली म्हणून शिवणकामवाली दवाखान्यात नंबर लावून बसली होती. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि तिच्या शेजारी टेकलं. आजींचा हात गळ्यात बांधलेला होता. आजोबा त्यांच्याकडे वळले.

"हाड जुळत नाही म्हणाले. अंगात प्रोटीनच नाही. डाळ, दूध, अंडी खा."

"ऐकलं मी."

"अगं, हे सगळं आपल्या घरी रोजच असायचं की!"

"असायचं ना."

"मग?"

"मी शेवटी बसायचे. तोवर डाळीचं नुसतं पाणी उरलेलं असायचं."

"आणि मी म्हणायचो, तळापासून ढवळून वाढ."

"तुम्ही चाटूनपुसून खायचात. बघूनच पोट भरायचं माझं."

"एकदा तरी बोलायचंस!"

"तुम्ही विचारलं असतंत, तर बोलले असते."

आजोबांनी त्यांच्या हाताची झोळी सारखी केली.

"आजपासून तू आधी बसायचंस. मी वाढतो."

"वाढा हो. पण आता दोन घासांच्या वर जातच नाही काही."

शिवणकामवालीचा फोन वाजला. घरून नवरा विचारत होता, "आम्ही बसू का जेवायला?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी आले, की एकदमच बसू."