अकरा दिवस चालू डबा

(दीपनगर, पॉवर स्टेशनच्या कॉलनीतलं क्वार्टर. १९९७, रविवार सकाळ. टीव्ही-गेमसमोर चुडामण आणि त्याचा मेहुणा भटू. आत भटूची बहीण, चुडामणची बायको यशोदा भाकरी करते आहे.)

भटू: बंद करा ना दाजी तो डबा. चौथी कॅसेट लावायची तर बंद करावाच लागेल.

चुडामण: हात लावू नको. अकरा दिवस झाले, चालू आहे. टीव्ही बंद करतो, डबा नाही. डबा बंद झाला की पडद्यावरचा माझा सगळ्यात मोठा आकडा गेला.

भटू: जाऊ द्या. चौऱ्याऐंशी हजार काय घेऊन बसले? चौथीत लाख करा. चार महिने वाट पाहिली हिची. दर शनिवारी यावलहून जळगावले, असलमच्या दुकानात. आली का? आली का? तो म्हणे, भटू, उंबरा झिजला माझा.

चुडामण: नवीन काय आहे हिच्यात?

भटू: लई काही.

चुडामण: एक सांग.

भटू: टोपी.

चुडामण: टोपी?

भटू: पोराची टोपी उलटी आहे.

चुडामण: वा! पहिलीत पोरगा चाकाच्या फळीवर उभा राहून उड्या मारायचा. दुसरीत सदरा लाल झाला. तिसरीत मागे कुत्रं लागलं. चौथीत टोपी. पाचवीत काय, मिशी? तोच रस्ता, तोच पूल, तेच टिंगटिंग गाणं. ते उल्लू बनवतात आणि तू एसटीनं जाऊन बनतोस.

भटू: आण म्हणून तुम्हीच म्हणाले होते.

चुडामण: तेव्हा वर हा आकडा नव्हता. खरं बोल भटूशेठ. तुला चौथी लावायची नाही, तुला माझा आकडा पुसायचाय. सकाळपासून सहा डाव झाले तुझे. साठच्या वर गेलास?

भटू: हो, पुसायचाय! यावलले मी एक्क्याण्णव हजार केले होते. एक्क्याण्णव! अन् लाईट गेली. आमच्याकडे आठ-आठ तास लाईट नसते, अन् तुम्ही इथं अकरा दिवस आकडा मिरवता. तुम्ही कुठं खेळता दाजी? तुमचं पॉवर स्टेशन खेळतं.

चुडामण: कोणी पाहिले तुझे एक्क्याण्णव?

भटू: कोणी नाही. एकटाच होतो.

चुडामण: मग झालं. मीसुद्धा मुख्यमंत्री झालो होतो, लाईट गेली.

भटू: हसा. जुनी दिल्याशिवाय असलम नवी देत नाही. माझी तिसरी देऊन आलो मी. आता घरी ते एक्क्याण्णव पुन्हा करायची सोयच नाही मले.

चुडामण: बैस रडत.

भटू: बरं, एक सांगा. शेवटच्या पुलावर माझा पोरगा पडतो. यावलले एकदाच पार झाला, तोही कसा ते समजलं नाही. तुम्ही कसा काढता?

चुडामण: उडी मारायची.

भटू: दाखवा.

चुडामण: आत्ता? अंगठा दुखतोय.

भटू: नुसता रिमोट तर धरा.

चुडामण: म्हटलं ना, दुखतोय!

यशोदा: पुलाच्या आधी बटन सोडून द्यायचं. दाबून धरलं की पडतो. कुत्रं पार जवळ येऊ द्यायचं, भ्यायचं नाही. मग दाबायचं.

भटू: अक्का! तुले कोणी सांगितलं?

यशोदा: कोण सांगणार? हे ड्युटीवर गेले की दुपार माझीच असते.

भटू: दाजी... म्हणजे ते चौऱ्याऐंशी...

चुडामण: यशोदे, भाकर जळते आहे.

यशोदा: उतरवली कधीची.

भटू: गावात तर तुले मी रिमोट हातात धरू दिला नाही.

यशोदा: पाहू तर दिलं. तेवढं पुरलं.

भटू: नाही दिला तेच चांगलं केलं. दिला असता तर यावललेच माझं नाक कापलं असतं तू.

चुडामण: बठ्ठासले सांगी बसेल शे मी! आकडा मना शे म्हनीसन!

भटू: निघाली धुळ्याची बोली. सगळ्यांले सांगून बसले म्हणे, आकडा माझा. म्हणजे लागलं दाजींना.

यशोदा: मी बोलले का कुणाजवळ? लोक येतात, तुमची पाठ थोपटतात, मी चहा देते.

चुडामण: भटू, लाव तुझी चौथी. कर बंद.

भटू: आता नाही.

चुडामण: सकाळपासून तर जीव खाल्लास!

भटू: तेव्हा आकडा तुमचा होता.

चुडामण: आणि बायकोचा राहिला तर तुला चालतो?

भटू: नाही चालत. पोटात तेवढीच आग आहे. पण पुसला तर मी मोडू काय?

चुडामण: मी सांगतो, बंद कर! उद्या लोक विचारतील, कसा केलास, तेव्हा काय पुलाचं उत्तर हिला विचारायला येऊ?

भटू: हात काढा दाजी. हात काढा म्हणतो!

यशोदा: सरका दोघं.

भटू: अक्का! बंद केला तू?

यशोदा: हात धुवा, ताटं घेतली आहेत. उद्या दुपारी पुन्हा करते मी तेवढे.