तिने काय केलं होतं?

(हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला बाक.)

बहीण : ती पाण्याची बाटली खिशातच राहू दे, दादा.

फादर : तुझ्या सासूबाईंनी रडून पाठवलंय मला. उद्या पोरीचं ऑपरेशन, त्याआधी बाप्तिस्मा उरकून घ्या म्हणाल्या. दोन थेंब गं. नर्सबाईही हो म्हणाल्या.

बहीण : कशासाठी?

फादर : तुला माहितेय. तुझाही झालाय.

बहीण : मला कुणी विचारलं नव्हतं. मूळ पाप धुवायला, ना? काल जन्मलीये ती. अजून धड रडलीसुद्धा नाही. पाप करायला सवड कधी मिळाली?

फादर : तिने केलं असं नाही म्हणत कुणी. आदामापासून चालत आलंय ते.

बहीण : म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

फादर : फाशी कसली! जखम समज. सगळेच ती घेऊन जन्मतो आपण.

बहीण : जखम आहेच तिला. काळजात भोक. डॉक्टरांना विचारलं, माझं काही चुकलं का? म्हणाले, कुणाचंच चुकलं नाही, होतं असं कधीकधी. तुझ्या देवापेक्षा बरं बोलले.

फादर : माझ्या देवापेक्षा?

बहीण : बरं, आपल्या. लहानपणी साखर तू चोरायचास. त्यापायी आईने मला कधी चापट मारली?

फादर : नाही.

बहीण : मग आई जास्त दयाळू. एका फळावरून ती पिढ्यान्‌पिढ्या डूख धरून बसली नसती.

फादर : याला उत्तर आहे माझ्याकडे. पण या बाकावर बसून देववत नाही.

बहीण : पाणी न घालता गेली, तर कुठे जाईल?

फादर : देवाच्या दयेवर सोपवतो आम्ही.

बहीण : म्हणजे माहीत नाही.

फादर : नाही माहीत.

बहीण : मग मीही तशीच सोपवते. न धुता. आहे तशी.

फादर : सासूबाईंना काय सांगू?

बहीण : बहीण ऐकत नाही म्हण. खरंच आहे ते.

(दुसरा दिवस, दुपार. तोच बाक.)

फादर : चहा घे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.

बहीण : ऑपरेशन नीट झालं होतं म्हणे. तिलाच पेललं नाही. सासूबाई म्हणतात, माझ्या हट्टापायी गेली.

फादर : बोललो मी त्यांच्याशी.

बहीण : काय बोललास?

फादर : कुणाचंच चुकलं नाही म्हणून.

बहीण : पुरायचं कुठे?

फादर : आपल्या आईच्या कबरीशेजारी जागा आहे.

बहीण : बाप्तिस्मा नसताना चालतं?

फादर : विचारलं नाही मी कुणाला.

बहीण : प्रार्थनेत पापाचं काही नको.

फादर : नाही म्हणणार.

बहीण : आणि देव दयाळू आहे, हे?

फादर : ते मात्र मला गाळता येणार नाही गं.

बहीण : बरं. ते तू म्हण. मी तेवढ्याला आमेन म्हणणार नाही.

फादर : मग?

बहीण : मग काय. उभी राहीन तुझ्या शेजारी.