जीपची चावी

(पोलीस ठाणं, दुपार. टेबलाशी हवालदार उकंडराव. समोर एसटी स्टँडवर चहाची टपरी चालवणारी केसरबाई. शेजारी नुकतीच पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेली शिपाई मयुरी.)

उकंडराव : चावी टेबलावर ठेवा आधी, केसरबाई. मंग बोलू.

केसरबाई : ठेवत नाई. तुमी आधी लिहून घ्या.

उकंडराव : लिहिलं न. तुमच्या आधी जीपवाल्याचा फोन आला. चहावाल्या बाईनं उभ्या गाडीची चावी काढून नेली म्हने. चोरीचा मामला हाये हा.

केसरबाई : त्याच्या जीपमधी तीन पोरी हायेत, जमादार. पंधरा-सोळाच्या. संगं एक बाई हाये, थे सोताले त्यायची मावशी म्हंते.

उकंडराव : मंग मावशीसंगं भाच्या चालल्या, तर तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?

केसरबाई : एकीले इचारलं, नाव काय वं तुयं? मावशीनं सांगितलं. दुसरीले इचारलं, चहा घेतं का? मावशी म्हने, थे चहा पेत नाई. पोरगी माया कपाकडं पाहून राह्यली होती. मंग मी मावशीलेच इचारलं, या मधलीचं नाव काय? तर तिनं पर्समधून आधार कार्ड काढून पाह्यलं. भाचीचं नाव कोनी वाचून सांगते का?

उकंडराव : माया सासऱ्याले अठरा नातवंडं. त्यालेबी नावं आठवत नाईत. टाकू का त्याले आत?

मयुरी : साहेब, कार्डं मुलींची आणि पर्स बाईची. केसरमावशी, मुलींकडं फोन आहेत?

केसरबाई : नाई. स्टँडच्या संडासात गेल्या तरी बाई दारात उभी.

मयुरी : साहेब, हा मानवी वाहतुकीचा प्रकार असू शकतो.

उकंडराव : असं. किती जन हायेत गाडीत?

केसरबाई : ड्रायव्हर धरून पाच.

उकंडराव : नऊची पासिंग हाये त्या गाडीले. जादा प्रवासी नाईत. तरी शंका असन तर वाहतूक शाखेले कळवा.

मयुरी : गाड्यांची वाहतूक नाही, साहेब. माणसांची खरेदी-विक्री. मागच्या महिन्यात प्रशिक्षण झालं होतं ना, तुम्हीही होतात.

उकंडराव : होतो न. जेवन चांगलं होतं. पन तिथं जो पिक्चर दाखवला त्यात पोरी रडत होत्या, हात बांधेल होते. केसरबाई, यायचे हात बांधेल हायेत?

केसरबाई : नाई.

उकंडराव : रडून राह्यल्या?

केसरबाई : नाई. गप हायेत.

उकंडराव : पाहा मॅडम. हात मोकळे, डोळे कोरडे. कोनत्या रकान्यात भरू मी हे?

केसरबाई : रडाले बी कोनी आयकनारं लागते, जमादार.

उकंडराव : तुमी बाहेर बसा. मोठे साहेब बैठकीत हायेत. आले की इचारतो.

केसरबाई : माया बहिनीची चांगुणा अशीच गेली. एक मानूस शिवनकामाले नेतो म्हने. मी टपरीवरच होतो. मीच तिले पान्याची बाटली भरून देल्ली, नीट जाय म्हनलं.

उकंडराव : ते जुनी गोष्ट हाये.

केसरबाई : रिपोट तुमीच लिहिला होता. 'स्वखुशीने निघून गेली.' मले वाचता येत नाई. तीन जनाकडून वाचून घेतला तो कागद. तिघायनं तेच वाचलं.

उकंडराव : आली का थे मंग?

केसरबाई : नाई.

उकंडराव : किती वर्सं झाले?

केसरबाई : सहा.

मयुरी : साहेब, जीपवाल्याकडं दुसरी चावी असेल तर तो निघून जाईल.

उकंडराव : जाईन कसा? चोरीची फिर्याद त्यानंच देल्ली न. मंग पंचनामा करावा लागन. चावी मुद्देमाल. चावी कोनत्या गाडीची, हे पाहाले गाडी बी मुद्देमाल. गाडीतले सगळे साक्षीदार. तुमी दोन जवान घेऊन जा, मॅडम. पोरींचे जबाब येगळे, मावशीचा येगळा. मावशीले तिन्ही भाच्याईच्या बापाची नावं इचारा. पर्स आपल्या हातात ठेवून.

मयुरी : आणि मोठ्या साहेबांची बैठक संपायची वाट नाही बघायची?

उकंडराव : मी सांगतो त्याहिले. केसरबाई, आता तरी देता का ते चावी?

केसरबाई : मॅडमजवळ देतो.

(तासाभराने, फोनवर.)

मयुरी : साहेब, बाईला एकाही बापाचं नाव सांगता आलं नाही. एका मुलीला तर तिनं दोनदा वेगवेगळ्या गावची सांगितलं. ड्रायव्हर एसटीच्या मागून पळत होता, कंडक्टरनं धरला.

उकंडराव : बरं झालं. बालकल्याण समितीले कळवलं मी. मोठे साहेब बी निंगाले, फोटोग्राफर घेऊन. बातमी लिहून ठेवली : गुप्त माहितीच्या आधारे सापळा रचून.

मयुरी : सापळा केसरमावशींनी लावला, साहेब.

उकंडराव : ते खरं हाये. पन चहाची टपरी लिहिलं तर साहेबाचा फोटो कुठी बसवू? अन् मुलींचे तोंडं दिसू देऊ नका फोटोत.

मयुरी : नाही दिसणार. त्या टपरीच्या आत आहेत. केसरमावशींनी पडदा लावलाय.

उकंडराव : चहा पेल्या का?

मयुरी : दोन-दोन कप.

उकंडराव : जबाबात काय म्हनल्या?

मयुरी : अजून काही नाही. धाकटीनं फक्त विचारलं, हे कोणतं गाव. मी सांगितलं. मग विचारलं, आमचा डोंगर कोणत्या बाजूला. आधार कार्डावरचं गाव उत्तरेच्या डोंगरातलं आहे, म्हणून मी उत्तरेला हात केला. तेव्हापासून ती तिकडं तोंड करून बसली आहे.

उकंडराव : बसू द्या तिले. जबाब सावकाश घ्या.